दोन सूर्यवाले भाऊजी

आमचे धाकटे दीर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतात. त्यांना स्वतःला मात्र कित्येक वर्षं साधी सावली धड दिसत नव्हती. म्हणजे दिसायची, पण जरा जास्तच.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच स्टँड, रंगपेटी, घडीचं स्टूल असा सगळा संसार पाठीवर टाकून भाऊजी उघड्यावर चित्र काढायला निघायचे, ते दिवेलागणीला परत. चित्रात झाडाच्या एका बाजूला सकाळची सावली, दुसऱ्या बाजूला संध्याकाळची. मध्ये बिचारं झाड! गल्लीने त्यांचं नाव 'दोन सूर्यवाले' ठेवलं. विचारलं तर म्हणायचे, उजेड एका जागी थांबतच नाही. नाचता येईना, अंगण वाकडं. शहराच्या वार्षिक प्रदर्शनात एकदा तरी आपलं चित्र लागावं, एवढीच त्यांची इच्छा. चित्र दरवर्षी जसं जायचं तसं घरी यायचं. कपाटामागे ढीग साठला. एक ना धड, भाराभर चिंध्या! चिंध्यांनी निदान फरशी तरी पुसता येते, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे.

एकदा त्यांचं जेवण तिसऱ्यांदा गरम करताना मी भडकले. "भाऊजी, सूर्य तुमच्यासाठी थांबणार नाही आणि मीही. सावली हलली की गुंडाळा आणि या घरी. उरलेलं उद्या काढा, त्याच वेळेला!"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय! पण या माणसाने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून रोज दुकानात जायच्या आधी घरामागच्या मोकळ्या जागेत स्टूल मांडून बसायला लागले. समोर आमच्याच घराची पाठ: भिंत, नळ, कपड्यांची दोरी, स्वयंपाकघराचं दार. नळाची सावली पायरीला टेकली की ब्रश धुवायचा. ढग आले तर नुसतं बसून राहायचं. थंडीत बोटं आखडली तर बगलेत धरायची, पण उठायचं नाही. येणारा-जाणारा मागे उभा राहून अक्कल पाजळायचा, "काका, फोटो काढा की, मिनिटात होईल." मीही दारातून रोज ओरडायचे. चहा गार होतोय, भिंत काही पळून जात नाही, या आता! पालथ्या घड्यावर पाणी.

यंदा चित्र परत आलं नाही. प्रदर्शनात लागलं! आमचे हे, ज्यांनी भावाच्या चित्राकडे कधी ढुंकून पाहिलं नाही, ते "आमच्या घराण्यातच कला आहे" असं सांगत सुटले. याच घराण्याने फाटकाला लावलेला रंग अजून हाताला लागतो.

मी हसायच्या तयारीनेच गेले. पाहते तर भिंतीवर ऊन होतं, आमच्या मागच्या दारचं खरं सकाळचं ऊन. दोरीवरचे कपडे ओले आहेत हेसुद्धा कळत होतं. आणि सूर्य एकच. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? मग लक्ष दाराकडे गेलं. दारात मी. कमरेवर हात आणि तोंड चांगलं उघडं.

"भाऊजी, एवढ्या लोकांत माझं तोंड उघडं? मिटलेलं नसतं का काढता आलं?"

भाऊजी चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "वर्षभर वाट पाहिली, वहिनी. उजेड हलायचा, कपडे हलायचे. तेवढं एक कायम होतं."

त्यांना चांगलं सुनवावं म्हणून मी कमरेवर हात ठेवून तोंड उघडलं. तेवढ्यात मागच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, बघा बघा, याच त्या!"