मालुबाईची गोळी आणि मारुतीरावांचा फोन

फुकट ते पौष्टिक असं म्हणणाऱ्याला मी सांब्र्याच्या मालुबाईकडे पाठवीन. टिळकवाडीत माझं औषधाचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली, आणि औषध कंपन्यांच्या कूपनांइतका मला दुसऱ्या कशाचाच राग येत नाही. सूट द्यायची तर सरळ किंमत कमी करा की! पण नाही. कार्ड काढा, रिकाम्या पट्ट्या परत आणा, फोन उचला.

मालुबाईला रक्ताचा कर्करोग आहे. रोज एक गोळी, जन्मभर. गोळी पोटात असली की बाई ठणठणीत. पहाटे मेथी-कोथिंबीर खुडते, बाजारात आणून विकते, गिऱ्हाईक मराठी असलं तर मराठीत भांडते, कन्नड असलं तर कन्नडमध्ये. गोळी थांबली की दुखणं पुन्हा उसळेल, हे डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितलंय. कंपनीच्या कार्डावर एक डबा विकत घेतला की दोन फुकट मिळतात. तो एक डबाच तिच्या भाजीतून जेमतेम सुटतो.

अट अशी की दर महिन्याला कंपनीचा फोन येणार: औषध चालू असेल तर एक दाबा. नाही दाबलं तर कार्ड बंद. पत्ता कर्नाटकातला, म्हणून फोनवरचं यंत्र कन्नड बोलतं. आणि घरात फोन एकच, तो नवऱ्याच्या, मारुतीरावांच्या खिशात.

मारुतीराव सीमेच्या आंदोलनात लाठ्या खाल्लेला माणूस. शेजारच्या बसाप्पाबरोबर चहा पिताना फर्डं कन्नड बोलतात, पण कचेरीच्या कामात एक अक्षर बोलणार नाहीत. तरुणपणापासूनचा नेम. मला त्या नेमाचा आदर आहे आणि तितकाच संतापही येतो. यंत्र बोलायला लागलं की कुठल्यातरी कचेरीचा फोन असणार असं समजून ते "मराठीत बोला" म्हणायचे आणि कापायचे. पहिले तीन डबे संपत आले तोवर तीन महिन्यांचे तिन्ही फोन त्यांनी असे कापले होते.

मालुबाई रिकाम्या पट्ट्या घेऊन आली तेव्हा माझ्या कॉम्प्युटरवर तिचं कार्ड बंद दिसलं. फोन कापल्यामुळे, हे चौकशी केल्यावर कळलं. घरी गोळ्या उरल्या होत्या चार.

"नंबर ज्यांचा, त्यांनी कंपनीच्या माणसाशी बोलायला पाहिजे," मी म्हणालो. "कन्नडमध्ये नाहीतर इंग्लिशमध्ये. मराठी नाही त्यांच्याकडे."

तिचा चेहरा उतरला. "ह्येंला कसं सांगू, आण्णा? माझ्यापायी नेम मोड म्हणू?"

"मग मरायचंय का?" मी चिडून बोलून गेलो. अजून त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दोघं आली. मारुतीराव बाकावर ताठ बसले होते.

"आदी सांगायचं न्हाय व्हय गं, फोन गोळीचा हाय म्हणून?" ते बायकोला म्हणाले.

"मला तरी कुठं ठावं हुतं? मी भाजीवर, फोन तुमच्या खिशात." मग ती माझ्याकडे वळली. "ऱ्हाऊ द्या, आण्णा. सरकारी दवाखान्यात बघतो काय मिळतंय ते."

मारुतीरावांनी खिशात हात घातला. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मी नंबर लावून दिला. पलीकडे एक मुलगी आली आणि मारुतीराव स्वच्छ, अदबशीर कन्नडमध्ये बोलू लागले. नाव, गाव, पेशंट कोण? "हेंडती," ते म्हणाले. बायको. चूक माझी झाली, असंही म्हणाले. शेवटी मुलीनं विचारलं, पुढचे फोन कुठल्या भाषेत हवेत, कन्नड की इंग्लिश?

मारुतीरावांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. मालुबाई पदर तोंडाला लावून खाली बघत होती.

"कन्नड," ते म्हणाले.

कार्ड सुरू झालं, डबे मिळाले. मला वाटलं, सुटलं कोडं एकदाचं.

पुढच्या महिन्यात मालुबाई एकटीच आली, पट्ट्या द्यायला. फोन आला का म्हणून मी विचारलं.

"न्हाय अजून. वाट बघायचा आज सहावा दिस. ह्येनी शेताकडं गेल्यालंच न्हाईत. फोन मांडीवर घिऊन सोप्यात बसत्यात. आंघुळीला गेलं की मला फोन धरून उभं करत्यात. बसाप्पाण्णा चहाला बोलवायला आलता, तर फोन यील म्हणून त्यालाबी माघारी लावलं." ती पिशवीची गाठ उगीच सोडत-बांधत राहिली. "रोग माझा, आण्णा. आन बांधून घातलं मी त्येंला."

मी पट्ट्या मोजून घेतल्या. असा फोन जन्मभर दर महिन्याला येणार होता.