मावशी नवऱ्याचं नाव घेईनात

थांबा, हे आत्ताच सांगायचंय! शेजारून मिरीच्या पापडाचा वास आला आणि पिंप्राळ्यातल्या सिंधी मावशी आठवल्या. पाकिस्तानातून जीव मुठीत धरून आलेल्या. त्यांना इथं राहू द्यायचं की परत पाठवायचं, याची चौकशी होती आणि मी त्यांच्यासोबत शिकाऊ वकील. सगळे प्रश्न घोकून घेतलेले, हा एक सोडून! चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "नवऱ्याचं नाव?" मावशींनी पदर पुढं ओढला. "नाव येत नाही? मग कागद खोटे दिसतात!" मला मध्ये बोलायची मनाई. शेवटी दारातल्या हवालदार ताई म्हणाल्या, "साहेब, शिंदखेड्याची माझी आजी बी नाव घेत नव्हती. तुम्ही वाचा, त्या मान हलवतील." साहेबांनी कागदावरचं नाव वाचलं, मावशींनी मान हलवली, मुक्काम वाढला. पण आजही कुणी उत्तर देताना अडलं की मला तो पुढं ओढलेला पदर आठवतो. साध्याशा प्रश्नावर कुणाचं सगळं टांगणीला लागलेलं तुम्ही पाहिलंय का?