माझे सासरे आणि पत्र्यावरचं मांजर

माझ्या सासऱ्यांइतका समाधानाने हरणारा माणूस अख्ख्या मुलुंडात सापडायचा नाही, आणि हे मी सून म्हणून नाही, पोटापाण्यासाठी मोबाईलवरचे गेम बनवणारी बाई म्हणून सांगते. आमच्या मालाडच्या ऑफिसात गेमची मजा नक्की कशात असते यावर मीटिंगांचा नुसता रतीब चालू असतो. कोणी म्हणतं रंगात, कोणी म्हणतं बक्षिसांत, आणि आमच्या साहेबांच्या मते सारखं काहीतरी चमकत राहिलं पाहिजे. असाच एक चमचमता गेम मी सासऱ्यांना दाखवला होता. पहिलं बोट टेकवल्याबरोबर पडद्यावर चांदण्या उधळल्या, टाळ्या वाजल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "मी केलं काय, म्हणून हे टाळ्या वाजवतायत?" तो गेम त्यांनी तिथल्या तिथे काढून टाकायला लावला.

हे मालवणचं पाणी. त्यात नोकरी विक्रोळीला, एका कारखान्यात कुलपं तपासण्याची. बरोबर किल्लीने कुलूप उघडतंच, त्यात तपासायचं काय, असं त्यांचं म्हणणं. म्हणून जन्मभर ते कुलपांना चुकीच्या किल्ल्या लावत बसले. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. बागेतल्या बाकड्यावर बसण्याआधी ते बाकडं दोन्ही हातांनी हलवून बघतात. लिफ्टमध्ये शिरले की दार उघडं ठेवून बटण दाबतात, वर जात नाही ना याची खात्री करतात, आणि बाकीची सोसायटी बाहेर ताटकळते. मला बघायला आमच्या घाटकोपरच्या घरी आले तेव्हा मला त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. दाराची कडी मात्र तीनदा लावून काढली आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "मुलगी छान आहे. कडी बदला." वडिलांना आजही त्याचा राग आहे.

माझा गेमही त्यांनी असाच तपासायला घेतला. साधा गेम. एक मांजर चाळीच्या पत्र्यांवरून उड्या मारत जातं. बोट जितका वेळ दाबून धराल तितकी लांब उडी. अंदाज चुकला की मांजर खाली पाण्याच्या पिंपात. सासऱ्यांचं मांजर पडायचं आणि ते खूश व्हायचे. मी वैतागून म्हटलं, "अहो बाबा, हरताय तुम्ही. हसताय काय?" खुशीत आले किंवा हळवे झाले की ते मालवणीवर उतरतात. म्हणाले, "गो, ह्या खेळान माका फसवूक नाय. मीच चुकलंय. बोट लवकर उचललंय." आपण कुठे चुकलो ते कळलं की परत खेळावंसं वाटतं, हे आमच्या इतक्या मीटिंगांत कोणालाही सुचलं नव्हतं.

मागच्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, हे हळूहळू वाढत जाणार. सोसायटीतला कॅरम त्यांनी आपण होऊन सोडला. उरलं हे मांजर. पण सत्ताविसाव्या लेव्हलवर ते तीन आठवडे अडकले. अंगठा वेळेवर उचलला जाईना. कॅरमसारखं हेही सुटलं तर हा माणूस दिवसभर नुसता खिडकीत बसेल, दुसरं काय? म्हणून मी शहाणपणा केला. त्यांच्या फोनमध्ये गुपचूप वेगळा गेम टाकला. दिसायला तोच, पण उडी कितीही चुकली तरी मांजर पलीकडे पोचतंच.

सत्ताविसावी पार झाली, अठ्ठाविसावी झाली, बाबा सुसाट तिसाव्या लेव्हलला पोचले. मी आनंदाने शिरा केला. त्यांनी तो मुकाट्याने खाल्ला. चौथ्या दिवशी मला गॅलरीत बोलावून घेतलं, म्हणाले, "बस. बघ." मांजर पत्र्याच्या टोकाला आलं आणि त्यांनी अंगठा पूर्ण बाजूला घेतला. मांजर तरंगत पलीकडे गेलं.

"मी काही केलंच नाही," ते म्हणाले. "चुकीची किल्ली लावली, कुलूप उघडलं. हे तुझं काम ना?"

मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला. मी म्हटलं, "हात थरथरतो तुमचा, बाबा. त्या गेमला काय माहीत?"

"म्हणान तर बरा वाटत होता," ते हळूच म्हणाले. "घरात सगळ्यांका म्हायत आसा. कप अर्धो भरतात, भाकरी मोडून देतात. त्या मांजराक तेवढा म्हायत नाय होता."

मी तिथेच बसून जुना गेम फोनमध्ये परत टाकला. सॉरी म्हटलं, पण ते पुढच्या उडीच्या तयारीत होते. पहिल्याच उडीला मांजर पिंपात पडलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला.

सत्ताविसावी लेव्हल त्यांच्या उजव्या हाताला काही पार करता आली नाही. या उन्हाळ्यात अंगठ्याने साथ सोडली, तेव्हा त्यांनी फोन डाव्या हातात घेतला आणि पहिल्या लेव्हलपासून सुरुवात केली. मी म्हटलं, निदान दहावीपासून लावून देते. तर म्हणाले, "हा हात नवीन लागलाय कामाला. त्याला दहावीत कसं बसवणार?"

डावा हातही पुढे उजव्याच्याच वाटेने जाणार, हे त्यांना माहीत आहे, मलाही. तेव्हा काय करायचं ते मला सुचत नाही, आणि सुचलं तरी त्यांना विचारल्याशिवाय मी ते करणार नाही. रविवारी दुपारी मी ओट्यापाशी असते आणि गॅलरीतून मांजर पाण्यात पडल्याचा आवाज येतो. मग जरा वेळ काहीच ऐकू येत नाही, आणि माझा कामातला हात थांबतो. पुन्हा मांजर पडतं. मला हायसं वाटतं.