फरशीवर बसणाऱ्यांचा हिशेब

बहरीनमध्ये फरशी तापवायची, हे ऐकून कंपनीतले सगळे पोट धरून हसले होते. मीही हसलो. आमची हयात घरातली उष्णता बाहेर फेकण्यात गेलेली, मी एसीच्या कामावरचा फोरमन. पण रिफा गावातल्या त्या घरमालकाची म्हातारी आई सलमानियाच्या हॉस्पिटलात गुडघे दाखवून थकली होती. पहाटेची नमाज झाली की ती तिथंच गार फरशीवर पाय पसरून बसायची. तिच्यासाठी तो घराला एक नवी खोली जोडत होता. तीन बाजूंनी काच, आणि फरशीखाली गरम पाण्याचे पाइप.

पाइप अंथरून झाले, तेव्हा मला ते विरळ वाटले. दोन पाइपांत वीतभर अंतर. मी इंजिनियरचा कागद मागून घेतला आणि कपाळावर हात मारला. हा गृहस्थ आपल्याच पुण्याकडचा. त्याने नेहमीचा कूलिंगचा तक्ता घेऊन वरचा मथळा तेवढा बदलला होता. काचेतून येणारं ऊन त्याने फुकटची ऊब म्हणून जमेला धरलं होतं. पहाटे कसलं ऊन? उलट त्याच काचेतून सगळी ऊब बाहेर पळणार होती.

"साहेब, अर्धी वीत अंतर पाहिजे. आकडा चुकलाय," मी म्हणालो.

"तुला आकडे कधीपासून कळायला लागले रे?"

हे वाक्य माझ्या जुन्या ओळखीचं होतं. आमच्या गावच्या शाळेत वस्तीतल्या पोरांना दाराजवळ बसवत. पौषात तिथली शहाबादी फरशी मांड्यांतून हाडात चढायची. गुरुजी खुर्चीवर असत, त्यांना ती कधी लागली नाही. ह्यालाही लागणार नव्हती.

बाहेर काँक्रीटचा मिक्सर फिरत होता. एकदा ओतलं की पाइप कायमचे गाडले जाणार. मी बूट काढले आणि पाइपांच्या मधोमध मांडी घालून बसलो.

"ऊठ! तमाशा करू नकोस. व्हिसा कंपनीच्या हातात आहे, विसरलास काय?"

"नाही विसरलो. ओता माझ्यावरच."

भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? गुदैबियातल्या भाड्याच्या खोलीवर बायको आणि दोन मुलं होती. पण राग भीतीपेक्षा मोठा होता.

आरडाओरडा ऐकून घरमालक आला. "शनो मुश्किल?" काय अडचण आहे, त्याने विचारलं.

पहाटे ऊन नसतं, कागदात मात्र आहे, हे मी मोडक्या अरबी-हिंदीत सांगितलं, "अरबाब, फज्र के टाइम शम्स मफी. ये कागज में शम्स है."

त्याने तो कागद इंजिनियरपुढे धरला आणि यातलं ऊन पहाटे कुठून येणार, असं शांतपणे विचारलं. साहेब तक्त्यात तोंड खुपसून बसले. घरमालकाने मिक्सरवाल्याला परत जायची खूण केली. "खलास. रूह."

नवा पाइप आला, आम्ही सगळं उचकटून अर्ध्या वितीवर पुन्हा अंथरलं. आणि महिन्याभरात माझा व्हिसा वाढवायचा नाही असं ठरलं. कारण दिलं नाही.

निघण्याआधी एका थंड सकाळी मी त्या घरी गेलो. बाहेर वारा सुटलेला. म्हातारी पातळ सतरंजीवर पाय पसरून बसली होती, अनवाणी. मी सवयीने दाराजवळच टेकलो. तिने मुलाला काहीतरी सांगितलं आणि आपल्या शेजारच्या फरशीवर हात थोपटला.

मी उठलो आणि थेट मधोमध जाऊन बसलो. ऊब मांड्यांत चढत गेली. चहा आला, दुसरा आला. नोकरी गेली होती, पण तिथून मला कोणी ऊठ म्हणालं नाही.