ध्रुवीय म्हणजे काय

तेलकट कढईत पाणी सोडलं, तर ते थेंब थेंब होऊन पळालं. एरवी नात लगेच विचारते, "आजी, असं का गं?" आज गप्प. तिच्या मैत्रिणीकडून कळलं, काल वर्गात पाण्याचा रेणू ध्रुवीय असतो असं शिकवताना हिनं विचारलं, "सर, ध्रुवीय म्हणजे ध्रुवताऱ्यासारखं अढळ का?" सर म्हणाले, "ज्योतिषीबाई, बसा खाली." वर्ग हसला.

असा संताप झाला माझा. अहो, ओळखीच्या शब्दावरूनच तर पोर अर्थ लावणार ना? मीच पुस्तक उघडलं. पाण्यात ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, म्हणून रेणूचं एक टोक ऋण, दुसरं धन; ही दोन टोकं म्हणजे ध्रुव, म्हणून पाणी ध्रुवीय. पाणी पाण्याला त्या टोकांनी धरतं. तेलाला तशी टोकं नसल्यासारखीच, म्हणून ते बाहेर राहतं. एवढं सांगायला हसण्याइतकाच वेळ लागला असता.

कढई तशीच ठेवलीय. नात विचारेपर्यंत मी घासणार नाही.