नमुना अपुरा आहे

माझी वहिनी दिवसभर काचा बघते. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवतात, त्याचे पातळ काप करून रंगवतात, काचेवर घेतात. ती काच सूक्ष्मदर्शकाखाली धरून आजार आहे की नाही ते सांगायचं, हे तिचं काम. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो, म्हणून ती मला अरे-तुरे करते आणि मी तिला घाबरतो. घरात तिला हट्टी म्हणतात, ते काही खोटं नाही. भाजी खारट झाली तर आम्ही सगळे गुपचूप पाणी पितो. ती सांगते, "खारट झालीये." भाजी आईने केलेली असली तरी.

गेल्या वर्षी माझ्या गळ्याच्या हाडाच्या वर गाठ आली. मी रंगारी. शिडीवर मान वर करून छतं रंगवणाऱ्याची मान दुखणारच, असं म्हणून मी ती अंगावर काढली. मग पॅन्ट कमरेला ढिली व्हायला लागली, उशी घामाने भिजायला लागली. वहिनीने कॉलर बाजूला सारून बोटांनी चाचपलं आणि मला थेट सर्जनसमोर नेऊन बसवलं. त्यांनी सुई घालून गाठीतून दोऱ्याएवढे बारीक तुकडे काढले.

प्रयोगशाळेत एक शिस्त आहे. घरच्या माणसाची काच घरच्याने वाचायची नाही, मायेपोटी नजर चुकते. म्हणून माझी काच वहिनीच्या वरिष्ठांकडे गेली. त्यांना लिम्फोमाची, म्हणजे अशा गाठींत होणाऱ्या कर्करोगाची, एकही पेशी दिसली नाही. दिसलं ते फायब्रिन. रक्त गोठताना जे जाळं धरतं ते हे. खरचटल्यावर खपली धरते ती त्याच्याच जोरावर. "सूज आहे," असं त्यांनी सर्जनना कळवलं, सर्जननी आईला फोन केला, आणि आईने संध्याकाळच्या आत सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं की काही नाही, आतून नुसती खपली धरलीये.

वहिनी वरिष्ठांच्या शेजारी जाऊन बसली. पुढचं मला तिनेच सांगितलं.

"सर, तुकड्यात सगळं फायब्रिनच आहे. गाठ कुठाय?"

"दीर आहे म्हणून तू घाबरलीयेस."

"घाबरलेच आहे. पण फायब्रिन साध्या सुजेत साचतं, मेलेल्या मांसात साचतं, आणि लिम्फोमाच्या पेशींभोवतीही साचतं. त्यावरून हो म्हणता येत नाही, तसं नाहीही म्हणता येत नाही. अख्खी गाठ काढायला सांगा."

वरिष्ठ भला माणूस. त्यांनी काच पुन्हा लावली, बराच वेळ बघितली आणि आधीचं मत खोडून लिहिलं, नमुना अपुरा आहे.

झालं, घरात आग लागली. आई म्हणाली, "चांगली बातमी हिला पचत नाही." दादा म्हणाला, "सगळं सुरळीत चाललेलं असताना खुसपट काढायची तुला हौसच आहे." मला तर चिरून घ्यायचंच नव्हतं.

"ओल आलेल्या भिंतीवर नुसता रंग फासून पैसे घेतोस का रे?" वहिनीने मला विचारलं.

"भिंतीला दुखत नाही."

"तुला भूल देतील. तारीख घेतलीये मी. आला नाहीस तर शिडीवरून खाली ओढीन."

आईने तिच्याशी अबोला धरला. वहिनी रोज कामावर जाई, घरी येऊन आपलं ताट आपण वाढून घेई, आणि जेवता जेवता मला तारखेची आठवण करून देई. मला तिचा राग यायचा. ती बधली मात्र नाही.

अख्खी गाठ निघाली. मधोमध फायब्रिन आणि मेलेलं मांस होतं. सुई नेमकी तिथेच गेली होती. कडेच्या बाजूला, फायब्रिनच्या जाळ्याला चिकटून, लिम्फोमाच्या पेशी होत्या.

दादाला वाटत होतं, हे मला इतक्यात सांगू नये. वहिनीने माझ्यासमोर खुर्ची ओढली.

"लिम्फोमा आहे. बरा होण्यासारखा आहे, पण औषधं जड असतात. केस जातील, उलट्या होतील, मला शिव्या देशील. खुशाल दे. सोमवारी सुरू करायचंय."

केस गेले, उलट्या झाल्या, शिव्याही देऊन झाल्या. आता मी परत शिडीवर चढतो, आधी लहान होती, आता मोठी. गाठ परत आलेली नाही.

परवा आई भाजी निवडत बसली होती. मी पलीकडे ब्रश धूत होतो. ती खाली मान घालूनच वहिनीला म्हणाली, "तेव्हा फार बोलले तुला. तू हट्ट सोडला असतास तर काय झालं असतं गं?"

वहिनीने तिच्या पुढ्यातली अर्धी जुडी स्वतःकडे घेतली.

"काही नाही आई. घरात कुणी कुणाशी भांडलं नसतं. सगळे आनंदात राहिलो असतो, हा जाईपर्यंत."