डॉक्टर म्हणाले, घरी न्या

कानडी कादंबऱ्या मराठीत आणायचं काम मी कानडी मुलखात, धरणाकाठच्या गणेशगुडीजवळच्या आमच्या घरात बसून करते. लेखक म्हणतात, एकही शब्द सोडू नका. पुण्याचे संपादक म्हणतात, जरा मोकळं लिहा, वाचताना अडखळायला होतं. दोघांचं ऐकता ऐकता इतकी वर्षं गेली की आता शब्दाला शब्द ठेवला तरी खुपतो, आणि मोकळं लिहिलं तरी काहीतरी लपवल्यासारखं वाटतं. पूर्वी मी तावातावानं वाद घालायचे. आता फोनवर नुसतं ‘बरं’ म्हणते.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी शेजारच्या वैनी आल्या. त्यांचे यजमान, ज्यांना मी दादा म्हणायचे, काविळीनं पिवळे पडून धारवाडला दवाखान्यात होते. उभा जन्म भातशेती आणि रानातली मजुरी केलेला माणूस.

“अक्का, उद्या डाक्टर बोलणार हाय. तुमी चला.”

“तुम्हाला येतं की कानडी.”

“दवाखान्याचं कानडी येगळं असतंय,” एवढंच बोलून त्या दारात उभ्या राहिल्या. मला खरंतर एक प्रकरण संपवायचं होतं. पण गेले.

डॉक्टर तरुण होते, म्हैसूरकडचे. झोप न झाल्यानं डोळे तांबारलेले. दादा खाटेवर उठून बसले, वैनी उशाशी उभ्या. डॉक्टर माझ्याकडे बघून भराभर बोलले, “मनेगे कर्कोंड होगी. अवरिगे एनिष्टवो अदु कोडी.” सवयीनं मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं, “घरी न्या म्हणतात. यांना आवडेल ते खायला द्या.”

दादांचा चेहरा उजळला. “मंजी पथ्य सुटलं व्हय? धरणातला मासा चालंल?”

मी एकही शब्द बदलला नव्हता, आणि तरी या माणसाला चक्क खोटं सांगितलं होतं. वैनी माझ्याकडे बघत होत्या, हसत नव्हत्या. मी डॉक्टरांना कानडीत म्हटलं, “त्यांना वाटतंय, बरं झालं म्हणून घरी सोडताय.” डॉक्टरांनी डोळे चोळले. “मला याहून उघड बोलता येत नाही हो. तुम्ही त्यांच्या भाषेत सांगा.” आणि ते पुढच्या खाटेकडे वळले नाहीत, थांबले. त्यामुळे मला त्यांच्याविषयी अजून बरं वाटतं.

मी खाटेच्या कडेला बसले. “दादा, पथ्य सुटलं ते औषधाचा उपयोग राहिला नाही म्हणून. आता हे दुखणं बरं होणार नाही. इथं पडून राहण्यापेक्षा आपल्या घरात राहा, असं म्हणतायत.”

डॉक्टर यातलं काहीच बोलले नव्हते. आणि हेच बोलले होते.

दादांनी अंगावरची चादर बाजूला केली. मग म्हणाले, “असं व्हय.” आणि वैनींना, “चल तर. कापडं भर.”

परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. पुस्तकातल्या माणसांचं बोलणं पोचवून कधी एवढं थकायला होत नाही.

आठवड्यानं वैनी ताक घेऊन आल्या. बसल्या, आणि आपणहून म्हणाल्या, “अक्का, डाक्टरचं मला समदं कळलं हुतं. आदल्या दिशी मला येकटीला त्येनं सांगितलं हुतं.”

“मग मला कशाला नेलंत?”

“माझ्या तोंडातनं निघालं नसतं. आनि ह्येनी मला, मी मरनार का, असं इचारलं असतं, तर मी न्हाई म्हणाले असते.”

मला राग आला का? आला असावा, पण तो धरून ठेवायला अंगात बळ नव्हतं. ताकाचं भांडं धुऊन त्यांच्या हातात दिलं.

दादा भातकापणीपर्यंत राहिले. मासा त्यांनी एकदाच खाल्ला, नंतर वास नको झाला. मी अधूनमधून जाऊन बसायचे. एकदा म्हणाले, “त्या दिवशी तुमी पयल्यांदा सांगितलं ना, ते ऐकून लई बरं वाटलं हुतं बघा. घटकाभर.” मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं. “ऱ्हाऊ दे. दोन्ही ऐकलं. येकच ऐकलं असतं तर चुकलं असतं.” असं म्हणून ते कुशीवर वळले.

ते गेल्यावर खानापूरकडची त्यांची माणसं आली, चार दिवस राहिली, गेली. वैनी आता लेकीकडे असतात. संपादकांचा परवा फोन आला, प्रकरण फार घट्ट झालंय म्हणाले. मी म्हटलं, बघते. अजून उघडलेलं नाही. वाडीतल्या एका बाईला पुढच्या आठवड्यात तपासायला न्यायचंय, आणि डॉक्टरांचं बोलणं सांगायला याल का, असं तिच्या सुनेनं मला विचारून ठेवलं आहे.